खानदेशांतील शाखामार्ग आणि त्यांचे इतिहासकार

मुंबई-ठाणें आगगाडी १८५३ च्या एप्रिलांत सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचें ‘लोखंडी रस्त्यांचें संक्षिप्त वर्णन’ हें पुस्तक मराठींत निघालें. नव्या वस्तूविषयीं इतकी तत्पर जिज्ञासा दाखविणाऱ्या आमच्या भाषेंत, पुढें तालुक्यातालुक्यांत शिरलेल्या शाखामार्गांविषयीं मात्र विचारपूर्वक लेखन फारच थोडें झालें आहे. जें झालें त्याचे, आमच्या मतें, दोन वर्ग पडतात. एक, कंपन्यांचे अहवाल आणि गॅझेटियरें यांवरून उतरलेली सनावळी. दुसरा, गाडी बंद पडल्यावर उमाळ्यानें लिहिलेल्या आठवणी. या दोहोंचें मोल खानदेशापुरतें तपासून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पहिल्या वर्गावर आमचा मुख्य आक्षेप असा कीं, त्यांत कंपनी हीच नायिका होऊन बसते. ताप्ती व्हॅली रेल्वेचें उदाहरण घ्यावें. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अंमळनेर या वाटेनें येणारा हा मार्ग १९०० सालीं जळगांवशीं जोडला गेला. त्याचे व्यवस्थापक मुंबईचे किलिक निक्सन आणि कंपनी, व गाड्या चालविणारी बी. बी. सी. आय., एवढें सांगून इतिहासकार पुढें सरकतो. परंतु भांडवल एकाचें, व्यवस्था दुसऱ्याची आणि इंजिनें तिसऱ्याचीं, अशा त्रिस्थळी कारभारांत मालाच्या दराविषयीं तक्रार करावयाची ती कोणाकडे? पश्चिम खानदेशाच्या कापसाला सुरतेची वाट मोकळी झाल्यावर दलालांचें, गाडीवानांचें, जिनवाल्यांचें काय झालें? या प्रश्नांना सनावळींत जागाच नसते.

धुळ्याची कथा याहून बोलकी आहे. जी. आय. पी. चा मुख्य मार्ग १८६० नंतरच्या दशकांत चाळीसगांव, पाचोरा, जळगांव, भुसावळ असा गेला, आणि जिल्ह्याचें ठाणें जें धुळें तें बाजूस राहिलें. चाळीसगांव-धुळें ही ३५ मैलांची शाखा होण्यास १९०० साल उजाडलें. मधल्या काळांत, अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसास तेजी आली तेव्हांपासून, जळगांवची पेठ वाढत गेली. आणि १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हां पूर्वभागाचें ठाणें तेथें आलें. रुळांनींच जिल्हा दुभागला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. एका कलेक्टरास आवरणार नाहीं एवढा तो विस्तीर्ण होताच. पण नवें ठाणें कोठें व्हावें याचा अर्धाअधिक निकाल चाळीस वर्षें आधीं एका इंजिनियराच्या नकाशावर लागून गेला होता, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. धुळेकर मित्रांनीं राग मानूं नये.

आतां पाचोरा-जामनेर. १९१८-१९ च्या सुमारास झालेला हा सुमारें ३५ मैलांचा मार्ग शेंदुर्णी, पहूर या गांवांवरून जातो. मुख्य मार्गाचे रूळ साडेपांच फुटी, याचे अडीच फुटी. अरुंद रूळ हलके, वळणें घेण्यास सोपे व बांधावयास स्वस्त, म्हणून या काटकसरीची इतिहासकार तोंड भरून स्तुति करतात. आमची शंका येथेंच आहे. काटकसर झाली ती एकदां, भांडवल घालणाराची. पण कापसाची प्रत्येक गांठ पाचोऱ्यास लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवावी लागे, त्या हमालीचा, खोळंब्याचा आणि नासधुशीचा भुर्दंड कायमचा मालावर बसला. जामनेरहून निघालेल्या बैलगाडीला हा अडथळा नव्हता, पुढें मोटार-लॉरीलाही नव्हता. लॉरीनें शाखामार्गांना मागें सारलें हें सारेच लिहितात; त्या पराभवाचें बीज रुळांच्या मापांतच होतें हें सहसा कोणी लिहीत नाहीं.

याच मापाच्या बार्शी लाइट रेल्वेवर मात्र इंग्लंडांतील रेल्वेप्रेमींनीं आवडीनें लिहिलें आहे. तेथें एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा कल्पक इंजिनियर नायक म्हणून आयता मिळाला. जामनेरच्या गाडीला असा नायक नाहीं, म्हणून तिला चरित्रकारही नाहीं.

दुसऱ्या वर्गाचे लेखक निदान डब्यांत बसलेले तरी असतात. लोकांनीं गाडीला ‘पीजे’ म्हटलें, वऱ्हाडांत अचलपूर-यवतमाळच्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटलें. कंपनीचीं नांवें विसरलीं गेलीं आणि हीं उरलीं, ही साक्ष आम्ही मोलाची मानतों. पण हे लेखक गाडीच्या मंदगतीचें कौतुक करतात तें आम्हांस रुचत नाहीं. भाडें थोडें म्हणून जो तिच्यांत बसे, त्याला गेलेला वेळ हा विनोदाचा विषय नव्हता.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदींत ही गाडी थांबली. पुढें मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना हातीं घेण्यांत आली. रूळ उखडले कीं आठवणींचा पूर येईल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यास १९२६ च्या अखेरीस वारले आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. सरदार-जहागीरदारांचीं दप्तरें धुंडाळण्याचें शिक्षण ज्या प्रांतास इतक्या जवळून मिळालें, तेथें मालाच्या बिल्ट्या आणि अडतवाल्यांच्या वह्या या कागदांकडे दप्तर म्हणून पाहण्यास काय हरकत आहे? पाचोऱ्यास एक गांठ या डब्यांतून त्या डब्यांत टाकावयास किती आणे पडत, हा आंकडा जामनेरच्या एखाद्या जिनवाल्याच्या माळ्यावर अजून असेल.