वाडगा दिसतो, कुंभार दिसत नाही

चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीच्या टेबलावर हा वाडगा ठेवला तर काय होईल? रिजेक्ट! अंगावर चाकाचे वळ, गोलाईत फरक आणि बुडाशी ग्लेझ आकसून मण्यांसारखं गोळा झालेलं. ग्लेझ वाळताना फार आकसलं किंवा मातीला नीट चिकटलं नाही, की भट्टीत ते मागे सरतं. मटेरियल सायन्समध्ये आपण याला सरळ दोष म्हणतो.

जपानमध्ये मात्र हा राष्ट्रीय ठेवा आहे. नाव 'किझाएमोन'. सोळाव्या शतकात कोरियात घडलेला, व्यास साधारण १५ सेंटिमीटर. क्योतोच्या दाइतोकु-जी मठातल्या कोहो-आन या मंदिराकडे तो आहे. चहा-समारंभाच्या जाणकारांनी त्या गोळा झालेल्या ग्लेझला 'काइरागी' असं खास नाव दिलं आणि तेच सौंदर्याचं लक्षण मानलं. ड्रॉइंग बदललं, निकाल बदलला. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती यानागी सोएत्सु यांच्या गाजलेल्या निबंधाबद्दल. त्यांनी १९३१ मध्ये हा वाडगा प्रत्यक्ष पाहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा गरिबाघरचा रोजचा वाडगा, कुणा साध्या कुंभारानं फार विचार न करता घडवलेला, आणि म्हणूनच सुंदर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. जे डोळ्यांना दिसतं त्याखाली एक रेघ, जे लेखकानं ताडलं त्याखाली दोन.

वळ, रंग, काइरागी यांखाली एक रेघ. 'गरीब', 'रोजचा', 'विचार न करता' यांखाली दोन. वाडग्यावर यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे वाडगे धार्मिक विधींसाठी घडवले असावेत, असं काही कोरियन अभ्यासक मांडतात. म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही.

दुसरी अडचण नमुन्याची. चहाच्या जाणकारांनी असंख्य वाडग्यांतून मोजके निवडले. त्या निवडक वाडग्यांवरून 'सामान्य कुंभार असंच घडवतो' असं म्हणता येईल का? तुम्ही दहा सॅम्पलमधलं सर्वांत छान एक दाखवून 'आमची पद्धत अशी आहे' म्हणालात, तर व्हायवात काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

या वाडग्याची एक दंतकथाही आहे: तो ज्याच्याकडे जातो त्याला गळवं होतात. ते ऐकून आपण लगेच हसतो. 'अडाणी कुंभाराचं निरागस सौंदर्य' ऐकून मात्र मान डोलावतो, कारण ते ऐकायला गोड लागतं. पुरावा दोन्हीकडे सारखाच तोकडा!

यात नुकसान कुणाचं? कुंभाराचं. 'किझाएमोन' हेसुद्धा मालकाचं नाव आहे, ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचं. घडवणाऱ्याचं नाव राहिलं नाही, आणि वर त्याचं कसबही आपण 'सहज झालं' म्हणून काढून घेतलं. १९३१ मध्ये कोरिया जपानच्या ताब्यात होता, हेही विसरू नका. यानागींवर अन्याय नको: सोलमधला ग्वांगह्वामुन दरवाजा पाडायला त्यांनी १९२२ मध्ये जाहीर विरोध केला होता. माणूस कोरियन कलेवर मनापासून प्रेम करणारा. पण प्रेम म्हणजे पुरावा नव्हे.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. माझ्या पहिल्या प्रगती अहवालात मी लिहिलं होतं, 'ओलाव्यामुळे कोटिंग सुटलं.' गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "ओलावा मोजलास का गं?" मोजला नव्हता. सुटलेलं दिसलं होतं, ओलावा माझ्या मनातला होता.

यानागींचा निबंध जरूर वाचा. वाडगा कसा पाहावा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. फक्त पेन्सिल जवळ ठेवा, आणि तीच पेन्सिल नंतर स्वतःच्या सिनॉप्सिसवर चालवा. दोन रेघांची वाक्यं किती निघतात, ते मोजा.