पत्ते मोजणाऱ्याची हार कुणी दाखवायची?

आपल्या मंडळींना पत्त्यांचे वावडे आहे असे कुणी म्हणणार नाही. दिवाळीत तीन पत्तीचा डाव मांडला, की एरवी मंडळाच्या सभेला न फिरकणारी माणसेही वेळेवर हजर होतात. कॅसिनोत जाऊन पैसे लावणे मात्र आपल्या लेखी बुद्धी गहाण टाकणाऱ्याचे काम. याला अपवाद एकच, ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणारा. तो जुगारी नव्हे, तो हुशार! गणितात चांगले गुण मिळवणाऱ्या आपल्या मुलांना हा माणूस फार आवडतो आणि, खरे सांगायचे तर, त्यांच्या आईवडिलांनाही. या आवडीला खतपाणी घालणारा चित्रपट म्हणजे रॉबर्ट ल्यूकेटिक यांचा २००८ सालचा ‘ट्वेंटी-वन’. चित्रपट रंगतो यात शंका नाही. पण या धंद्याचा जो गाभा, तोच त्यात नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी मूळ कल्पना पाहू. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीत असताना आयबीएम ७०४ या संगणकावर फोरट्रानमध्ये आकडेमोड करून ब्लॅकजॅक जिंकता येतो हे दाखवले आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक लिहिले. तत्त्व साधे आहे. वाटून झालेले पत्ते पुन्हा पिसले जाईपर्यंत परत येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या पत्त्यांचे स्वरूप बदलत जाते. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की अधिक एक, दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की उणे एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी गेल्या तर काही नाही. बेरीज वाढली म्हणजे मोठे पत्ते शिल्लक आहेत. तेव्हा पैसे जास्त लावायचे, एरवी कमी. याला असामान्य प्रतिभा लागत नाही. पाढे पाठ केलेल्या कुणालाही हे जमेल.

चित्रपटात एमआयटीचा एक हुशार विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणाच्या फीसाठी प्राध्यापकाच्या टोळीत सामील होतो आणि लास व्हेगासमध्ये खोऱ्याने पैसा ओढतो. बेन मेझरिच यांच्या ज्या पुस्तकावरून हा चित्रपट बेतला, त्यातला नायक जेफ मा या चिनी वंशाच्या तरुणावरून घेतलेला होता. पडद्यावर तो जिम स्टर्जेस हा गोरा इंग्रज नट झाला. यावर तेव्हा टीका झाली आणि ती योग्यच होती. परदेशात मुले वाढवणाऱ्या आपल्याला ती सहज कळेल. माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे.

नायक एकदा मोठी रक्कम हरतो. का? तर त्याचे मन थाऱ्यावर नसते, साथीदारांनी उठण्याची खूण केली तरी तो उठत नाही, चिडून खेळत राहतो. म्हणजे हार ही शिस्त मोडल्याची शिक्षा. शिस्तीने खेळला असता तर जिंकलाच असता, असे प्रेक्षक मनाशी धरून बाहेर पडतो. खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पत्ते मोजणारा एकही चूक न करता हरतो, आणि पुष्कळदा हरतो.

थोडे गणित मांडतो, वाचकांनी कंटाळू नये. समजा, सरासरी १० पौंड लावून तासाला ६० डाव खेळले आणि मोजणीमुळे शेकडा एक टक्का फायदा आपल्या बाजूला आला. म्हणजे तासाची अपेक्षित कमाई ६ पौंड. या देशात एप्रिल २०२४ मध्ये २१ वर्षांपुढच्या कामगाराचे किमान वेतनच ताशी ११.४४ पौंड झाले होते! आणि हे ६ पौंडही दर तासाला हातात पडत नाहीत. एका डावातला चढउतार लावलेल्या रकमेच्या साधारण सव्वापट धरतात. काटेकोर आकडा १.१५ च्या आसपास. त्या हिशेबाने तासाभराचा चढउतार सुमारे ८९ पौंड होतो. सहाची मिळकत आणि एकोणनव्वदचा हेलकावा! ही मिळकत त्या हेलकाव्याच्या बरोबरीला यायला तेरा हजारांवर डाव, म्हणजे सुमारे २२० तास लागतात. एवढे करूनही, अगदी निर्दोष खेळणाऱ्या सहांपैकी साधारण एक जण तोट्यातच असतो. या माणसाची गोष्ट ‘ट्वेंटी-वन’ने सांगितली नाही.

आपल्याकडच्या लीना यादव यांच्या ‘तीन पत्ती’नेही (२०१०) ती सांगितली नाही. त्यात अमिताभ बच्चन गणिताचे प्राध्यापक आहेत आणि लंडनच्या कॅसिनोत बेन किंग्जली यांना आपली कहाणी ऐकवतात. गणित तिथे मंत्रासारखे येते आणि पुढचे सारे लोभाचे फळ म्हणून घडते. फार मागे गेलो तर महाभारतातले नलोपाख्यान आहे. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नळ झाड पाडून, मोजून खात्री करतो (आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात) आणि अक्षहृदय विद्या शिकून घेतो. मोजणीचा आणि फाशांचा संबंध आपल्या पूर्वजांना ठाऊक होता, हे विलक्षणच. पण तिथेही नळ पुष्कराला एकाच डावात हरवतो. कथेला एकच डाव परवडतो, तेरा हजार नाही.

इंग्लंडमध्ये डोक्यातल्या डोक्यात पत्ते मोजणे गुन्हा नाही, पण कॅसिनो अशा गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवू शकतो. फिल आयव्हीने २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये पुंटो बँकोत ७७ लाख पौंड जिंकले. पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखता यावा म्हणून त्याच्या जोडीदारणीने पत्ते वाटणारीकडून काही पत्ते फिरवून ठेवून घेतले होते. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये ही फसवणूक ठरवली आणि पैसे मिळाले नाहीत. समोर दिसेल ते लक्षात ठेवणे वेगळे आणि मांडणीच बदलून घेणे वेगळे. या सीमारेषेवर सुरेख चित्रपट होईल.

आपल्यासाठी हा प्रश्न कॅसिनोपुरता नाही. हुशारी आणि मेहनत यांचे फळ मिळतेच, या विश्वासावर आपण इथे संसार उभे केले. त्यामुळे कुणाची नोकरी गेली, कुणाचा धंदा बुडाला, की ‘काहीतरी चुकले असणार’ असे आपण चहाच्या कपावर सहज म्हणून जातो. चुकले असेलही. पण कधी कधी हिशेब बरोबर असतो, निर्णय बरोबर असतो आणि पत्ता उलटा पडतो. निकालावरून निर्णयाची परीक्षा करायची नसते, हा पत्ते मोजणाऱ्याकडून शिकण्याजोगा एकमेव धडा. ‘ट्वेंटी-वन’ नेमका तोच गाळतो. मुलांना तो जरूर पाहू द्या, पण पाहून झाल्यावर हे २२० तासांचे गणित त्यांच्याकडून कागदावर मांडून घ्या.