‘मित’ म्हणजे किती?

होळी जवळ आली, कीं वाशिंदसारख्या गावींहि ‘थोडी भांग घेतली तर काय होतें?’ असें कोणी तरी हंसत विचारतोच. या प्रश्नाचा सांगोपांग विचार करणारा ग्रंथ म्हणजे इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा १८९४ चा अहवाल. ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेऊन कमिशननें निर्णय दिला, कीं मित सेवन बहुधा निरुपद्रवी, अतिसेवन घातक. म्हणून सरसकट बंदी नको, नियंत्रण हवें.

अहवालाचा समतोलपणा आजहि आदर उत्पन्न करतो. परंतु ‘मित’ म्हणजे किती, येथें त्याचा पाया ठिसूळ आहे. चिलीम ओढणाऱ्यास कांहीं मिनिटांतच अंमल जाणवतो. त्याला थांबतां येतें. तूप-साखरेची माजूम किंवा दुधांत घोटलेली भांग मात्र अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत गप्प असते. ‘कांहींच झालें नाहीं’ म्हणून दुसरी वडी खाणाऱ्यावर मग दोहोंचा अंमल एकदम चढतो, आणि तो कित्येक तास उतरत नाहीं. शिवाय एकाच ताटांतील दोन वड्यांचें बळ सारखें असतेंच असें नाहीं. भांगेंतील मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना ठरली ती १९६४ सालीं. कमिशनजवळ तराजूच नव्हता.

महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून भांग निषिद्ध आहे, हें खरें. पण कायदा बाजूला ठेवला तरी आक्षेप उरतोच. वैद्य औषध गुंजेनें तोलतो. स्वयंपाकघरांत भांग चिमटीनें पडते. ज्याचें माप करतां येत नाहीं, त्या ‘मिता’चा भरंवसा अहवालानें द्यावयास नको होता.