कॉमन्स मॅथमधील एक्सेप्शन: कंपायलर खूश, उत्तर चूक

जबलपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत समीकरणाचे मूळ काढणारे जावा प्रोग्रॅम तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते: कॅच ब्लॉक रिकामा आणि शेवटी रिटर्न ०.०. प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. पण आलेले शून्य हे खरे मूळ की अपयश, हे कोणालाच सांगता येत नाही. दोष फक्त विद्यार्थ्याचा आहे का? लायब्ररीची रचनाही तपासू.

अपाची कॉमन्स मॅथ ही जावातील संख्यात्मक गणिताची मुक्तस्रोत लायब्ररी. तिच्या दुसऱ्या आवृत्तीमालिकेत मॅथ-एक्सेप्शन 'चेक्ड' होते. क्ष² − २ सारख्या साध्या बहुपदीचे मूळ काढायचे असले, तरी ट्राय-कॅच लिहिल्याशिवाय किंवा थ्रोज जोडल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नसे. सक्ती आली की पळवाटही येते. रिकामा कॅच ही ती पळवाट. २०१२ मधील ३.० आवृत्तीत ही सक्ती काढून 'अनचेक्ड' एक्सेप्शन आणले गेले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता.

त्याहून महत्त्वाची सुधारणा म्हणजे एक्सेप्शनसोबत येणारी माहिती. क्ष² − २ चे मूळ [२, ३] या अंतरालात ब्रेंट पद्धतीने शोधा. टोकांवरच्या किमती २ आणि ७, म्हणजे दोन्ही धन. चिन्ह बदलत नाही. लायब्ररी नो-ब्रॅकेटिंग एक्सेप्शन फेकते आणि त्यातून दोन्ही टोके व दोन्ही किमती आकड्यांत मिळतात. डावे टोक १ वर नेले, तर किंमत −१ येते आणि १.४१४ हे मूळ सापडते. टू-मेनी-इव्हॅल्युएशन्स एक्सेप्शन आले, तर उपाय वेगळा: मर्यादा वाढवा किंवा पद्धत बदला. कोणता उपाय करायचा, हे एक्सेप्शनच्या प्रकारावरून कळते. चांगल्या रचनेची हीच खूण.

तरीही एक उणीव राहते. तिसऱ्या मालिकेतील एक्सेप्शन जावाच्या इल्लिगल-आर्ग्युमेंट, इल्लिगल-स्टेट आणि अरिथमेटिक अशा वेगवेगळ्या वर्गांखाली विखुरलेली आहेत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे एक इंटरफेस, आणि कॅचमध्ये इंटरफेस चालत नाही. 'या लायब्ररीची सगळी एक्सेप्शन' एकाच प्रकाराने पकडायची, तर रनटाइम-एक्सेप्शन लिहावे लागते आणि त्यात आपल्याच कोडमधले नल-पॉइंटरही गडप होते. सर्वांसाठी एकच मूळ वर्ग असता, तर हे टळले असते.

शिवाय प्रत्येक चूक एक्सेप्शन बनून येत नाही. जावात ऋण संख्येचे वर्गमूळ काढले, तर काहीच फेकले जात नाही. 'नॅन' ही किंमत मुकाट्याने पुढच्या गणितात शिरते. म्हणून उत्तर मूळ समीकरणात घालून पाहण्याची सवय कोणतीही लायब्ररी आपल्यासाठी लावून देणार नाही.

स्वाध्याय: तुमच्या मागच्या प्रात्यक्षिकातील प्रत्येक कॅच ब्लॉक उघडा. तिथे एक्सेप्शन आले, तर वापरणाऱ्याला काय कळेल, हे एका वाक्यात लिहा. वाक्य सुचत नसेल, तर तो कॅच काढून टाका.