मनुष्य-मासाचे एकक : ब्रूक्स यांच्या ग्रंथातील एक दुर्लक्षित भाग

फ्रेडरिक ब्रूक्स यांचा ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ हा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालेसाठी रचलेल्या ‘ओएस/३६०’ या कार्यप्रणालीचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते व ते ठरल्या मुदतीत पुरे झाले नव्हते. त्या अनुभवाचे चिंतन ग्रंथात आहे. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे नेमल्यास ते अधिकच रेंगाळते, हा त्यातील नियम इतका गाजला की ग्रंथाची चर्चा बहुधा तेथेच संपते. नियम अतिसुलभ केलेला आहे, हे खुद्द ब्रूक्स यांनीच सांगितले होते, याचा मात्र विसर पडतो.

त्यांचा खरा आक्षेप एककावर आहे. रोजगार हमीच्या मातीकामात मनुष्यदिवसाचा हिशेब रास्त ठरतो. कारण खड्डा वाटून खणता येतो आणि खणणाऱ्यांना एकमेकांशी फारसे बोलावे लागत नाही. आज्ञावली-लेखनाचे तसे नाही. दहा जणांत परस्परसंपर्काच्या ४५ जोड्या होतात, पंधरा जणांत १०५.

परंतु ही झाली चुकलेल्या अंदाजाची मीमांसा. मुळात अंदाज करावा कसा? ब्रूक्स एकूण कालावधीचा १/३ भाग नियोजनास, १/६ लेखनास आणि उरलेला अर्धा चाचणीस देतात. चाचणीस अर्धा वेळ देण्याचे धैर्य आजही थोडेच दाखवितात. मात्र लेखनाचा अंदाज करून त्याला सहाने गुणावे, असा सोयीचा अर्थ यातून काढला जातो. लेखनाच्या अंदाजातील लहानशी चूकही अशा गुणाकाराने हास्यास्पद होईल, असा इशारा ब्रूक्स यांनीच दिला आहे. मग पहिला आकडा कोठून आणावयाचा, हा प्रश्न राहतोच, आणि येथे ग्रंथ दुबळा आहे.

त्याचे सर्वांत मोलाचे उत्तर उसने आहे. मँचेस्टर येथील आयसीएलचे चार्ल्स पोर्टमन यांना आपल्या गटांची कामे अंदाजाच्या सुमारे दुप्पट वेळ घेताना आढळली. अंदाज तर काळजीपूर्वक केलेले होते. म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या वेळेची दैनंदिन नोंद ठेवविली. आठवड्याचा जेमतेम निम्मा वेळच प्रत्यक्ष लेखनात व दोषशोधनात जात होता. बाकीचा बंद पडलेले यंत्र, किरकोळ तातडीची कामे, सभा, कागदपत्रे, आजारपण यांत. चूक कामाच्या मापनात नव्हती, दिवसाच्या मापनात होती.

ब्रूक्स यांनी ही हकीगत थोडक्या ओळींत आटोपली, हे खटकते. मनुष्य-मासातील ‘मनुष्य’ त्यांनी कसोशीने तपासला. ‘मास’ मात्र जवळजवळ तसाच सोडला. पोर्टमन यांचा ‘निम्मा’ हा आकडाही मँचेस्टरच्या त्या गटांपुरताच खरा आहे. तो तसाच उचलून अन्यत्र लावणे म्हणजे सहाने गुणण्याचीच दुसरी तऱ्हा होय. उचलण्याजोगी आहे ती नोंदवही.