थकवा आणि मद्य : एका प्रसिद्ध तुलनेची तपासणी

रुग्णवाहिका आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेतील कर्मचाऱ्यांच्या थकव्याविषयी चर्चा निघाली की, 'सतरा तास जागलेला माणूस मद्य घेतलेल्या माणसासारखा असतो' हे विधान हमखास केले जाते. त्याचे मूळ ऑस्ट्रेलियातील ड्र्यू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध केलेल्या जेमतेम एका पानाच्या टिपणात आहे.

प्रयोग साधा होता. ४० जणांना एकदा सकाळी ८ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत, म्हणजे २८ तास जागे ठेवले. दुसऱ्या वेळी त्यांनाच दर अर्ध्या तासाने थोडे थोडे मद्य दिले. दोन्ही वेळा हात व डोळे यांच्या समन्वयाची तीच चाचणी संगणकावर घेतली. १७ तासांच्या जागरणानंतर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तितकी खालावली. २४ तासांनंतर सुमारे ०.१० टक्के असताना होते तितकी. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. थकव्यासारखी धूसर गोष्ट ओळखीच्या मापाने मोजून दाखवली, हे या टिपणाचे श्रेय निर्विवाद आहे.

तरीही त्याचा आधार घेताना तीन गोष्टी नजरेआड होतात, असे आम्हाला वाटते.

पहिली, सर्वांचे जागरण सकाळी ८ वाजता सुरू झाले. म्हणजे सतरावा तास रात्री १ वाजताच येणार! मग कामगिरी घसरली ती जागरणामुळे किती आणि शरीरातील जैविक घड्याळामुळे किती? एका वेळी एकच घटक बदलावा, असे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. येथे दोन घटक एकत्र बदलले.

दुसरी, हे एकाच रात्रीचे जागरण होते. पाळीत काम करणाऱ्यांची झोप रोज थोडी थोडी बुडते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅन डाँगेन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात, दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. आपण किती मंदावलो आहोत, हे त्यांच्या फारसे लक्षातही आले नाही. तेव्हा 'मला काही होत नाही' या कर्मचाऱ्याच्या शब्दावर विसंबता येत नाही.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. मद्य माणूस स्वतः घेतो. रात्रपाळी त्याला लावली जाते. मद्याशी तुलना करताच दोष नकळत कर्मचाऱ्याच्या माथी येतो. अमेरिकेतील रुग्णवाहिका सेवेसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना मात्र २४ तासांहून लहान पाळ्या आणि कामावर असताना डुलकी घेण्याची सोय सुचवतात. या गोष्टी वेळापत्रक आखणाऱ्याच्या हाती असतात.

जागरण आणि घड्याळ यांचे परिणाम वेगळे करायचे, तर डॉसन-रीड यांच्या प्रयोगात कोणता बदल करावा लागेल? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.