त्रिपदी आणि ओवी : एका समजुतीचें परीक्षण

ओवीचे पहिले तीन चरण सयमक व चौथा आंखूड, निर्यमक असतो. एवढ्यावरून ओवी ही मूळची त्रिपदीच होय, असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कोणी तीस गायत्रीची वंशज ठरवितात, तर कोणी कानडी त्रिपदीची कन्या. आमचे मतें दोन्ही पक्ष टिकत नाहींत.

गायत्रीचा निकाल थोडक्यांत लागतो. तिचे पाद तीन व प्रत्येक पादांत अक्षरें आठ. यमकाशीं तिला कर्तव्य नाहीं. ओवीस अक्षरसंख्येचें बंधन नाहीं, यमकावांचून मात्र तिचें चालत नाहीं. मग तीन या आंकड्यावांचून उभयतांत साम्य तें कोणतें?

कानडी पक्ष अधिक विचारार्ह आहे. बदामी येथील कप्पे अरभट्टाच्या, सुमारें इ. स. ७०० च्या शिलालेखांत त्रिपदी आढळते. म्हणजे शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीहून ती सुमारें सहाशें वर्षांनीं वडील. आमचें शिराळें वारणेच्या खोऱ्यांतलें, कानडी मुलूख येथून फार दूर नाहीं; त्यामुळें हें मत आम्हांस बरेच दिवस गोड वाटे. परंतु कानडी त्रिपदीचा प्रास ओळीच्या आरंभीं, दुसऱ्या अक्षरावर साधतात. ज्ञानेश्वरींत यमक चरणाच्या अंतीं आहे. कन्येनें आईचा मुख्य अलंकारच टाकून दिला असें मानावयास कांहीं कारण दाखवावें लागेल.

याहून निर्णायक साक्ष शार्ङ्गदेवाची. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या या पंडितानें ‘संगीतरत्नाकरां’त छत्तीस विप्रकीर्ण प्रबंध मोजले आहेत. त्या एकाच यादींत त्रिपदी निराळी व ओवी निराळी. दोन्ही एकच असत्या तर असल्या काटेकोर ग्रंथकारानें दोनदां कां मोजाव्या? ओवीचें लक्षण तो असें देतो कीं, देशभाषेंत गाइलेलीं प्रासयुक्त तीन खंडें व अंतीं ‘ओवी’ हा शब्द. तीन ही संख्या लक्षणांत आहे, नांवांत नाहीं. नांव त्या शेवटच्या शब्दावरून पडलें, असा आमचा तर्क आहे. ‘धवल’ या प्रबंधांतही धवलादि पदें यावीं असें तोच सांगतो. तेथेंही गाण्यांतील शब्दच गाण्याचें नांव झाला.

ओवी ‘ओवणें’ या धातूपासून, ही व्युत्पत्ति आम्हीं स्वतः वर्गांत वर्षानुवर्षें शिकविली, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. फुलांसारखीं अक्षरें ओविलीं, ही कल्पना रमणीय खरी. पण ती पोथी लिहिणाऱ्याची आहे, मुसळ धरणारीची नव्हे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असें सोमेश्वरानें शके १०५१ च्या ‘मानसोल्लासां’त नमूद केलें आहे, आणि पोथींतील ओवी त्या मानानें धाकटी.

आमची मातोश्री पहांटे जात्यावर बसे. पहिली ओवी कोणत्या देवाला, दुसरी कोणाला, असें ओवींतच मोजून ती गाई. ‘ओवी’ हा शब्द अशा रीतीनें रोज गाण्यांतूनच कानीं पडत होता. शार्ङ्गदेवाचें लक्षण वाचीपर्यंत त्याकडे आमचें लक्ष गेलें नाहीं.